उसनी तारीख

संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामला आजची तारीख स्वतःहून माहीत नसते. ती त्याला ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावी लागते, ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रातल्या घड्याळाला विचारते, आणि जे उत्तर येईल ते प्रोग्राम निमूटपणे खरे मानतो. उत्तर खोटे असले तरी ते पडताळायला त्याच्याकडे सहसा काही साधन नसते. या भाबडेपणाचा फायदा घेऊन प्रोग्रामला मुद्दाम वेगळी, पुढची किंवा मागची, तारीख सांगून चालवण्याची पद्धत संगणकाच्या धंद्यात गेली पन्नास वर्षे आहे. आधी साऱ्या यंत्राचीच तारीख बदलत, पुढे एकट्या प्रोग्रामला फसवण्याची युक्ती निघाली, आणि शेवटी फसवण्याची गरजच पडू नये अशा रीतीने प्रोग्राम लिहिले जाऊ लागले. यातला शेवटचा टप्पा वाटतो तितका नवा नाही.

पंचकार्डांच्या काळात हिशेबाच्या कामांना तारीख वेगळ्या कार्डावर दिली जात असे. पगारपत्रक, वीजबिल किंवा बँकेचे व्याज काढणारा जॉब चालवताना ऑपरेटर गठ्ठ्याच्या सुरुवातीला तारखेचे एक कार्ड लावी. त्यामागे व्यवहाराचा विचार होता. ३१ मार्चचे काम प्रत्यक्षात २ एप्रिलच्या रात्री चालले तरी हिशेब ३१ मार्चचाच व्हायला हवा. मंगळवारी मध्येच बंद पडलेला जॉब बुधवारी पुन्हा चालवला तर आकडे मंगळवारचेच यायला हवेत. थोडक्यात, व्यवहाराची तारीख आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. भारतातल्या बँकांच्या कोअर बँकिंग प्रणालींत हा भेद आजही जिवंत आहे. शाखेचा ‘डे एंड’ झाल्याशिवाय प्रणालीची तारीख पुढे सरकत नाही, बाहेर मध्यरात्र उलटून गेली असली तरी. टॅलीवर काम करणारा हिशेबनीस ‘एफ टू’ दाबून तारीख बदलतो तेव्हा तोही नकळत तारखेचे कार्डच बदलत असतो.

१९७० साली आयबीएमने सिस्टिम/३७० ही मेनफ्रेम संगणकांची मालिका जाहीर केली आणि तिच्यात ६४ बिटांचे घड्याळ बसवले. १ जानेवारी १९०० पासूनचा काळ ते मोजत राही. घड्याळ सहज कोणी बदलू नये म्हणून कन्सोलवर वेगळी कळ होती. ती दाबून धरल्याशिवाय वेळ बदलण्याची आज्ञा यंत्र मानत नसे. पुढे कोबोल या प्रोग्रामिंग भाषेच्या १९७४ च्या मानकात प्रोग्रामने थेट यंत्राकडून तारीख मागून घेण्याची सोय आली. ती तारीख सहा अंकी होती: वर्षाचे दोन, महिन्याचे दोन, दिवसाचे दोन. सोय मोठी होती आणि ती वापरलीही गेली भरपूर. पण तारीख कार्डावरून येत होती तोवर ती बदलणे हे एका कार्डाचे काम होते. आता ती प्रोग्रामच्या पोटातून मागवली जाऊ लागली, आणि ती बदलायची तर अख्ख्या यंत्राला हात लावणे भाग पडले.

युनिक्सचा मार्ग वेगळा होता. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात, त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजलेली आहे. ३२ बिटांत असा आकडा सव्वादोन वर्षांतच भरून जातो. म्हणून आरंभबिंदू काही वेळा पुढे सरकवावा लागला आणि अखेरीस १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याची आजची रीत ठरली. युनिक्स यंत्रावर एकाच वेळी अनेक जण काम करत, त्यामुळे तारीख बदलण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला होता. त्याने ती बदलली की सगळ्यांची बदले. ‘मेक’सारखे प्रोग्राम कोणती फाइल जुनी आणि कोणती नवी हे तिच्यावरच्या वेळेवरून ठरवतात, घड्याळ मागेपुढे झाले की त्यांचा हिशेब चुकतो आणि घड्याळात तफावत असल्याची तक्रार पडद्यावर येते.

घरगुती संगणकावर हे सगळे फारच मोकळेढाकळे होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. यंत्र सुरू केले की डॉस तारीख विचारी, आणि कंटाळून नुसते एंटर दाबले की ती १ जानेवारी १९८० धरली जाई. त्या काळच्या कितीतरी फायलींवर हीच तारीख आहे, ती या आळसामुळे. १९८४ च्या पीसी एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली, तीही वर्षाचे दोनच अंक मोजणारी. तारीख बदलणे मात्र पूर्वीइतकेच सोपे राहिले आणि त्यातून दोन लोकरूढ युक्त्या जन्मल्या. तीस दिवस फुकट वापरायला मिळालेल्या सॉफ्टवेअरची मुदत संपली की लोक घड्याळ मागे घेत. विकणाऱ्यांनी शेवटचा वापर केव्हा झाला याची नोंद लपवून ठेवायला सुरुवात केली आणि ही युक्ती हळूहळू निकामी झाली. दुसरी युक्ती विषाणूंच्या भीतीतून आली. मायकेलअँजेलो हा विषाणू ६ मार्च रोजी जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसून टाकत असे. १९९२ मध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला तेव्हा ५ मार्चलाच संगणकावर ७ मार्च ही तारीख टाका, असा सल्ला सर्रास दिला गेला. सल्ला अडाणी वाटतो, पण होता बिनचूक, कारण विषाणूही तारीख विचारूनच घेत होता.

हा सगळा फुटकळ व्यवहार एका शिस्तशीर कामात बदलला तो सन २००० च्या प्रश्नामुळे. संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी दोन अंकी वर्षाच्या, म्हणजे ‘००’ हे १९०० की २००० हे न कळण्याच्या, धोक्याकडे १९७१ मध्येच लक्ष वेधले होते. याच धोक्यावरचा पीटर द यागर यांचा कॉम्प्युटरवर्ल्ड साप्ताहिकातला लेख सप्टेंबर १९९३ चा, आणि त्यानंतर कंपन्या जाग्या झाल्या. कोट्यवधी ओळींचा कोबोल दुरुस्त करणे हे अर्धे काम होते. दुरुस्त केलेला प्रोग्राम १ जानेवारी २००० रोजी नीट चालतो हे १९९७ मध्ये सिद्ध करणे हे उरलेले अर्धे. त्यासाठी त्याला ती तारीख दाखवणे आवश्यक होते. तपासायच्या तारखाही एकच नव्हत्या. ९ सप्टेंबर १९९९ ही तारीख यादीत होती, कारण सगळे नऊ म्हणजे ‘नोंद संपली’ असा संकेत काही जुन्या प्रोग्राममध्ये होता. २९ फेब्रुवारी २००० होती, कारण शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते एवढाच अर्धा नियम काही प्रोग्रामरांना आठवत होता. ३१ डिसेंबर २००० ही त्या वर्षाच्या ३६६ व्या दिवसासाठी होती.

सरळ उपाय म्हणजे यंत्राचे घड्याळ पुढे करणे. हा उपाय किती महागात पडू शकतो हे टेपांच्या साठ्यावरून कळते. मेनफ्रेमच्या प्रत्येक टेपवर ती केव्हा पुसायला हरकत नाही ती तारीख लिहिलेली असे. जी टेप कधीच पुसायची नाही तिच्यावर ९९३६५ असा आकडा टाकण्याचा प्रघात होता, म्हणजे ९९ सालचा ३६५ वा दिवस. हा आकडा रूढ झाला तेव्हा तो दिवस कल्पनेपलीकडे होता. घड्याळ २००० सालात नेले की टेपांचा साठा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने जपून ठेवलेल्या टेपांची मुदत टळून गेलेली असे आणि त्या पुन्हा लिहिण्यासाठी मोकळ्या ठरत. सॉफ्टवेअरचे परवाने संपत, सगळ्यांचे पासवर्ड एका फटक्यात बाद होत. घड्याळ परत मागे आणले तरी भविष्यातल्या तारखेच्या नोंदी डेटाबेसच्या लॉगमध्ये राहून जात आणि त्या खऱ्या नोंदींच्या पुढे उभ्या राहत. त्यामुळे ही चाचणी चालत्या यंत्रावर करायची नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी पहिल्या पानावर असे.

तरीही तो मोडला गेलाच. पेनसिल्व्हेनियातील पीच बॉटम अणुवीज केंद्रात फेब्रुवारी १९९९ मध्ये अशाच एका चाचणीत घड्याळ पुढे नेले गेले आणि केंद्रावर देखरेख ठेवणारी संगणक प्रणाली तिच्या पर्यायी यंत्रणेसकट ठप्प झाली. ती पूर्ववत व्हायला सुमारे सात तास लागले. चाचणी यशस्वी झाल्याचीही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १० एप्रिल १९९९ रोजी डेन्व्हर विमानतळाच्या नियंत्रण यंत्रणेची एक बाजू ३१ डिसेंबरच्या रात्रीत नेऊन बसवली आणि दुसरी बाजू खऱ्या वेळेवर ठेवून दोन्हींची माहिती ताडून पाहिली. वॉल स्ट्रीटवर त्याच वर्षी मार्च-एप्रिलमधल्या शनिवारी सुमारे ४०० संस्थांनी मिळून डिसेंबरअखेरचे आणि ३ जानेवारी २००० चे व्यवहार खोटे खोटे पार पाडले. एवढ्या मोठ्या संख्येने लोकांनी ठरवून एकाच काल्पनिक दिवशी काम केल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडत नाही.

ज्यांना चाचणीसाठी स्वतंत्र यंत्र परवडत नसे त्यांच्यासाठी मेनफ्रेमवर दोन मार्ग होते. एकाच यंत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येकाला वेगळे घड्याळ देता येई, किंवा आयबीएमच्या ‘व्हीएम’ प्रणालीखाली एक आभासी यंत्र उभे करून त्याला हवी ती तारीख सांगता येई. पण त्यातही अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी उभारणे आलेच. म्हणून तिसरा मार्ग निघाला आणि खरा शोध तोच होता. प्रोग्राम तारीख मागतो तेव्हा मेनफ्रेमवर ती मागणी ‘एसव्हीसी ११’ या ठरावीक दारातून जाते. त्या दारात एक पहारेकरी बसवायचा. मागणारा जॉब यादीत असेल तर त्याला ठरवून दिलेली तारीख द्यायची, बाकीच्यांना खरी. अवरग्लास, आयसोगॉन कंपनीचे टिकटॉक, कॉम्प्युवेअरचे एक्सपेडिटर ही उत्पादने याच कामासाठी विकली गेली. एकाच यंत्रावर, एकाच क्षणी, एक जॉब १९९८ मध्ये आणि शेजारचा २००० मध्ये चालू लागला. जो प्रोग्राम दार टाळून घड्याळाची सूचना थेट प्रोसेसरला देई, तो या पहारेकऱ्याच्या हाती लागत नसे. तशा प्रोग्रामांची वेगळी यादी करावी लागे.

तारीख मागे नेऊन सुटका करून घेणारेही होते. कॅलेंडर दर २८ वर्षांनी वारांसकट तेच फिरून येते, मधे शंभरीचे अ-लीप वर्ष आले नाही तर. १ जानेवारी २००० हा शनिवार होता; १ जानेवारी १९७२ हाही शनिवार, आणि दोन्ही वर्षे लीप. तेव्हा दुरुस्त करण्याच्या लायकीचा नसलेला जुना प्रोग्राम १९७२ मध्ये चालवायचा, आत जाणाऱ्या तारखांतून २८ वजा करायचे आणि बाहेर येणाऱ्यांत २८ मिळवायचे. हा उपाय मलमपट्टीचाच होता. पण जो प्रोग्राम चार वर्षांत मोडीत निघणार आहे त्याच्यासाठी तेवढे पुरे होते, आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांकडे बहुधा मूळ कोबोलची प्रतही नसे.

दुरुस्ती आणि चाचणीच्या या सगळ्या कामाचा मोठा वाटा भारतात झाला. मुंबईच्या अंधेरीतील सीप्झमध्ये, पुण्यात, चेन्नईत, बेंगळुरूत आणि हैदराबादेत हजारो तरुण प्रोग्रामर अमेरिकन बँका व विमा कंपन्यांचे कोबोल तपासत होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने चेन्नईत या कामाची चक्क ‘फॅक्टरी’ मांडली: एका टोकाने जुना प्रोग्राम आत, दुसऱ्या टोकाने दुरुस्त आणि तपासलेला प्रोग्राम बाहेर. प्रोग्राम वाचून त्यातल्या तारखा हुडकणे यंत्राला शिकवता येत होते, बनावट तारखेखालचे निकाल जुन्या निकालांशी ताडून पाहणे हे बरेचसे माणसांचे काम होते. कंटाळवाणे, पण त्याच कामाने या कंपन्यांना पुढच्या दशकातले ग्राहक मिळवून दिले.

युनिक्सच्या जगात ‘एका प्रोग्रामपुरती खोटी तारीख’ ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. तिथे प्रोग्राम तारीख विचारतो ती सामायिक लायब्ररीमार्फत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन कंपनीच्या युनिक्समध्ये अशी सोय झाली की प्रोग्राम सुरू होताना त्याच्या आणि खऱ्या लायब्ररीच्या मधे आपली एक छोटी लायब्ररी घुसवता येते. मधली लायब्ररी प्रश्न ऐकते, खरे उत्तर मागवते आणि त्यात फेरफार करून पुढे देते. डेबियन या लिनक्स प्रणालीतले ‘डेटफज’ आणि वोल्फगांग होमेल यांचे ‘लिबफेकटाइम’ ही याच जातीची साधने. लिबफेकटाइम वापरताना यंत्राचे घड्याळ बदलण्याचा अधिकार लागत नाही. आज्ञेच्या आधी ‘फेकटाइम’ हा शब्द आणि हवी ती तारीख लिहिली की तेवढा प्रोग्राम त्या तारखेत सुरू होतो, बाकी यंत्राला पत्ताही लागत नाही. ‘दोन दिवस मागे’ असे सापेक्ष अंतर देता येते, घड्याळ दुप्पट वेगाने पळवता येते, किंवा एका क्षणावर गोठवून ठेवता येते. विंडोजवर निरसॉफ्टचे ‘रनअ‍ॅजडेट’ हेच करते.

मर्यादा इथेही आहेत आणि त्या शिकण्याजोग्या आहेत. ज्या प्रोग्रामने सगळी लायब्ररी स्वतःच्या पोटात बांधून घेतली आहे त्याच्या मधे काही घुसवता येत नाही. विशेष अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामबाबत सुरक्षेसाठी ही वाट मुद्दामच बंद ठेवलेली असते. फायलींवरच्या वेळा खऱ्या घड्याळाच्या पडतात, त्यामुळे प्रोग्रामला आपणच नुकतीच लिहिलेली फाइल भविष्यातली किंवा फार जुनी वाटू शकते. दुसऱ्या यंत्राशी बोलायचे झाले तर सोंग फार टिकत नाही. कर्बेरॉस ही ओळखपत्र प्रणाली साधारणतः पाच मिनिटांहून जास्त फरक चालवून घेत नाही, आणि संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राच्या मुदतीबाहेरची तारीख दिसली की जोडणी नाकारली जाते.

या साधनांचा एक अनपेक्षित उपयोग २०१० च्या दशकात पुढे आला. एकाच मूळ संहितेपासून दोघांनी वेगवेगळ्या दिवशी बनवलेला प्रोग्राम बिट न बिट सारखा निघतो का, हे तपासले तर वाटेत कोणी काही घुसडले नाही याची खात्री पटते. अडचण अशी की बनवण्याची तारीखच प्रोग्रामात उमटते. बिटकॉइन आणि टॉर ब्राउझर यांच्या बांधणीत त्यासाठी लिबफेकटाइमने घड्याळ गोठवले जाई. डेबियनच्या तपासणीत उलट प्रयोग होतो: तीच संहिता दुसऱ्यांदा बांधताना यंत्र मुद्दाम ३९८ दिवस पुढच्या तारखेत ठेवतात. त्यामुळे दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही बदलतात आणि तारीख कुठे झिरपली असेल ते उघडे पडते.

मागची तारीख टाकण्याला अर्थात काळी बाजूही आहे. हिशेबाच्या वहीत मागाहून नोंद घुसवणे संगणकाच्या आधीपासूनचे आहे. घड्याळ मागे करून ते जास्तच सोपे झाले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. नोंदीची तारीख आणि नोंद केल्याची तारीख अशा दोन्ही जपल्या की नुसते तारखेचे कार्ड बदलून भागत नाही.

प्रोग्रामरांनी दरम्यान फसवण्याऐवजी सरळ मार्ग धरला. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत घड्याळ ही एक वेगळी वस्तू म्हणून प्रोग्रामला बाहेरून देण्याची सोय झाली. प्रत्यक्ष वापरात खरे घड्याळ द्यायचे, चाचणीत एका क्षणावर थांबलेले. रुबीतले ‘टाइमकॉप’ आणि पायथनमधले ‘फ्रीझगन’ हे चाचणीपुरते तेच साधतात. कार्डाचा गठ्ठा लावणाऱ्या ऑपरेटरला यात नवे काहीच दिसले नसते.

वेगळी तारीख लावून अशी चाचणी न केल्याची किंमत २००० नंतरही मोजावी लागली आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून हे गाणी ऐकण्याचे यंत्र जगभर एकाच दिवशी गोठले. त्याच्या घड्याळाचा भाग दिवसांच्या संख्येतून वर्षे वजा करत जात असे. लीप वर्षात दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा करायचे, असे त्यात लिहिले होते. दिवस नेमका ३६६ वा असेल तर काहीच वजा होत नसे आणि प्रोग्राम त्याच फेऱ्यात अडकून पडे. बॅटरी संपू द्या आणि उद्यापर्यंत थांबा, एवढाच तोडगा देता आला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच कंपनीची अझूर ही सेवा बंद पडली, कारण एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र बनवताना प्रोग्रामने २९ फेब्रुवारी २०१३ ही अस्तित्वात नसलेली तारीख काढली. दोन्ही चुका आधी कधीही, उसन्या तारखेखाली पाच मिनिटांत सापडल्या असत्या.

पुढचा मोठा टप्पा ठरलेला आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. पुढच्याच सेकंदाला तो जागतिक वेळेच्या १३ डिसेंबर १९०१ वर जातो. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटी यंत्रांसाठी ६४ बिटी वेळेची सोय २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीत पूर्ण झाली. डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत बहुतेक ३२ बिटी प्रकार नव्या मापावर नेले. जुने तयार प्रोग्राम चालत राहावेत म्हणून जुन्या इंटेल यंत्रांचा प्रकार तेवढा आहे तसाच ठेवला. वीस वर्षांचे गृहकर्ज २०१८ च्या जानेवारीनंतर घेतलेले असेल तर त्याचे शेवटचे हप्ते या तारखेच्या पलीकडे पडतात. तेव्हा ज्यांच्या ताब्यात असे हिशेब करणारी जुनी ३२ बिटी यंत्रे आहेत त्यांनी चाचणीच्या वेगळ्या यंत्रावर २० जानेवारी २०३८ ही तारीख लावून आपले प्रोग्राम आत्ताच एकदा चालवून पाहावेत.